भिंतीपर्यंतचे छत्तीस हात

यंदा फेब्रुवारी लागल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात एक निरीक्षक उभा आहे. मी सकाळी डबे भरत असते आणि दहावीतली माझी मुलगी सई ओट्याला टेकून त्याच्याविषयी मोठ्यानं वाचत असते. हा निरीक्षक एका झाडापासून अमुक मीटरवर उभा असतो, शेंड्याकडे बघताना त्याचा साठ अंशांचा कोन होतो आणि झाडाची उंची आपण काढायची असते. तो कोण, कुठला, त्याला दुसरा कामधंदा नाही का, हे पुस्तक कधीच सांगत नाही. झाड कोणाच्या मालकीचं तेही सांगत नाही. उंची घेऊन हा माणूस करणार काय, असं विचारायची तर कोणाला गरजच वाटत नाही. उत्तर आलं, पुढे मीटर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या की झालं. मला त्याचा मनापासून राग येतो.

‘आई, तू गणितावर एवढी का चिडतेस? तुला तर दहावीला गणितात चांगले मार्क होते ना?’ सई विचारते. होते ना. तोच तर त्रास आहे.

परवा तिनं कहर केला. फोनमध्ये उंची मोजायचं कसलंसं अ‍ॅप घेतलं, गच्चीवर गेली आणि आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या घरामागं पाण्याची टाकी आहे तिच्यावर फोन रोखून उभी राहिली. तीनदा मोजलं, तीन वेगळी उत्तरं आली. त्यातलं जे बरं वाटलं ते तिनं वहीत लिहून टाकलं. मी म्हटलं, ‘अगं, तीन उत्तरं आली म्हणजे काहीतरी चुकतंय. ते शोध ना आधी.’ तर म्हणे, ‘प्रोजेक्ट आहे गं आई. टाकीवर चढून कोण बघणार आहे?’ मी ओले कपडे बादलीत तसेच टाकून खाली निघून आले. आणखी दोन मिनिटं थांबले असते तर नक्की ओरडले असते.

हे दिवसच तसे आहेत. वाशीमच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना हरभरा सोंगणीला आलेला दिसतो. कुठंतरी तूर काढायचं यंत्र चालू असतं, त्याचं कुटार, म्हणजे बारीक भुसा, वाऱ्यावर उडत येतं, मानेत आणि बाह्यांत शिरतं आणि संध्याकाळपर्यंत खाजवत राहतं. पळस फुलायला लागलेले असतात, पण परीक्षा असलेल्या घरात त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. सकाळी थंडी आणि अकराला ऊन, त्यामुळे स्वेटर घालून गेलेली मुलं दुपारी तो कमरेला बांधून परत येतात. माझ्या दहावीच्या वर्षीही हे सगळं असंच होतं. धनजच्या पुढं, बस सोडून मैल-दीड मैल आत चालत गेलं की आमचं खेडं. मी आवारात बाज टाकून अभ्यास करायचे. शेतातून आलेल्या पायांना हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब लागलेली असायची, ती भेगांमध्ये झोंबायची. मांडीवर समरूप त्रिकोण आणि ओंजळीत हिरवे घाटे. एक घाटा सोलायचा, एक बाजू काढायची. तेवढं सुख होतं, खोटं का बोलू.

लोकांच्या आठवणींत आंब्याची झाडं असतात, चिंचेची असतात. आमच्या आवारात निलगिरी होती. मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, कुठल्याशा रोपवाटिकेत फुकट मिळाली म्हणून आणून लावली होती. फळ नाही, फूल असून नसल्यासारखं, सावली अशी की खाली बसलेल्या माणसाच्या निम्म्या अंगाला ऊन लागावं. तिची साल सोलून सोलून पडायची आणि ती झाडायचं काम रोज आईच्या गळ्यात. सर्दी झाली की पानं उकळून वाफ घ्यायची, एवढाच काय तो उपयोग. ती मात्र सरळसोट वाढत विजेच्या तारांच्या वर गेली. आवारातल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याआधीच तळाला जायला लागलं तेव्हा त्याचं खापर तिच्यावर फुटलं. त्यातच गोठ्याचं आढं मोडकळीला आलं, आणि मोठ्या बाबांनी ठरवलं की निलगिरी पाडायची आणि तिचंच अखंड लाकूड आढ्याला घालायचं. अखंड म्हणजे अखंड. वरून तुकडे करत उतरवू, असं कोणी म्हटलं की ते त्या माणसाकडे पाठ फिरवायचे.

पण पाडायची कुठं? एका बाजूला आमचं घर, एका बाजूला विहीर आणि गोठा, रस्त्याच्या बाजूला विजेच्या तारा. उरली ती शांताकाकूकडची बाजू. तिकडं मोकळी जागा होती आणि त्या जागेच्या टोकाला काकूची भिंत होती.

शांताकाकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. तुरी निघाल्या की काका पुण्याकडं बांधकामावर जायचे ते पेरणीलाच परत यायचे, तोवर ती घरात एकटी. मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर टिनं, आणि टिनं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेले दगड. आमच्याकडच्या खोलीत, खिडकीशी, उजेडाला तिची शिलाई मशीन होती. पायानं चालवायची, काळी, ओतीव बिडाची. गावातली पोलकी आणि परकर तिच्या हातचे, जूनमध्ये शाळेचे गणवेश तिच्या हातचे. घर त्या मशीनवर चालायचं. काका जे कमवायचे ते त्यांचं त्यांनाच पुरायचं नाही, हे ती हसत हसत कोणालाही सांगायची. दिवसभर तिच्या गळ्यात टेप असायचा.

मोठे बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. चुलत असले म्हणून काय झालं, मान तोच. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही, समोर आले तर पदर खाली ओढून बाजूला होते, आणि भासराही तिच्या आंगणात पाय टाकत नाही. ते दोघं इतकी वर्षं शेजारी राहत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. जे काही असेल ते माझ्यामार्फत. मोठे बाबा आवारात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणायचे, ‘बेबी, तुया काकूले सांग, बकरी बांधून ठेव म्हना.’ दहा पावलांवर उभ्या असलेल्या काकूला ते ऐकू गेलेलंच असायचं. तरी मी जाऊन सांगायचं. मग काकू पदराआडून म्हणायची, ‘त्याइले सांग, बकरी आमची नोय.’ तेही त्यांनी ऐकलेलं असायचं. तरी मी परत येऊन सांगायचं. परीक्षा तोंडावर आलेली आणि मी या दोघांच्या मधली तार. मी अगदी शिणून जायचे.

झाड बघायला किसनभाऊ आला. आसपासच्या चार गावांत झाडं पाडायचं काम तोच करायचा. त्यानं बुंध्याला हात लावला, वर बघितलं आणि म्हणाला, ‘दोर लावून तिकडं पाडता येते. पन झाड किती हात हाय ते आधी सांगा. वैनीच्या भितीले लागलं तं मी जबाबदार नाई.’

मोठे बाबा लगेच म्हणाले, ‘आमची बेबी दहावीले हाय. तिच्या पुस्तकात झाडंच मोजून राह्यले. काय व बेबी, सांगशीन ना?’

सांगणार नाही तर काय! त्या दिवसापर्यंत माझ्या अभ्यासाचा घरात कोणाला उपयोग झाला नव्हता. मी समजावून सांगितलं. एक सरळ काठी जमिनीत उभी रोवायची, तिची सावली मोजायची आणि त्याच वेळी झाडाची सावली मोजायची. काठी आपल्या सावलीच्या जितकी पट, झाडही आपल्या सावलीच्या तितकी पट. फक्त मोजायला टेप हवा. गावातल्या गवंड्याकडे लांब टेप होता, पण तो गवंड्याबरोबर कारंज्याला गेला होता. ‘टेप कायले पाह्यजे?’ मोठे बाबा म्हणाले. ‘देवानं हात देल्ला ना.’ आणि ते धोतर सावरून खाली बसले. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आमच्याकडे जमीन अशीच मोजतात, घरं अशीच बांधतात, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

काठी चार हात भरली, तिची सावली तीन हात. झाडाची सावली तारांच्या खालून थेट रस्त्यावर गेली होती. मोठे बाबा रांगत रांगत रस्त्यावर पोचले तेवढ्यात कामरगावची जीप आली आणि तिची चाकं बरोबर शेंड्याच्या सावलीवर थांबली. ड्रायव्हरला मागं घ्यायला लावलं. आतली माणसं खाली उतरली, आणि मग काय, ज्यानं त्यानं आपली अक्कल पाजळली. कोणी म्हणे सावली सकाळी लांब असते, आता मोजून काय उपयोग. कोणी म्हणे झाड पडताना ताणलं जातं, दोन हात जास्त धरा. मी ओरडून ओरडून सांगत होते की सावली सरकतेय, लवकर मोजा. शेवटी चोवीस हात झाले.

आता राहिलं झाडापासून भिंतीपर्यंतचं अंतर. निम्मी जागा काकूच्या आंगणाची, तिथं मोठे बाबा कसे जाणार? ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बेबी, तुया काकूले सांग, झाडापासून भितीपर्यंत तिची तिनं मोजून घ्याव.’ काकू पदर दातांत धरून आली आणि बुंध्यापासून मोजत निघाली. तिच्या गळ्यात तो पिवळा टेप लोंबत होता. मी म्हटलं, ‘काकू, टेपानं मोज ना.’ तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. ‘टेप आंगाले लावाचा असते, मातीले नाई. पोरीबायच्या गळ्याले लागते तो.’ आणि ती हातानंच मोजत भिंतीपर्यंत गेली. छत्तीस हात.

गणित सोपं होतं. तिनाला चार, तर चोविसाला बत्तीस. झाड बत्तीस हात, भिंत छत्तीस हातांवर. चार हात उरतात. मी वहीत मांडून दाखवलं, खाली दोन रेघा मारल्या. मोठ्या बाबांनी ती वही जीपमधल्या माणसांना दाखवली, किसनभाऊला दाखवली, ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही दाखवली. मला फार छान वाटलं, हे कबूल करते. काकू तिच्या दारात उभी होती. मला खुणेनं जवळ बोलावून तिनं हळूच विचारलं, ‘मशीन खिडकीपासून सरकवू काय व बेबी? एकटीले हालत नाई ते.’

‘कायले काकू? चार हात उरून राह्यले.’

‘मंग झालं. तू म्हनली म्हंजे झालं,’ ती म्हणाली आणि आत जाऊन शिवायला बसली.

सईला मी कधी कधी विचारते, ‘उत्तर आल्यावर पडताळा घेतलास का?’ ती डोळे फिरवते. पडताळ्याला मार्क नसतात म्हणे. खरं आहे, नसतात.

झाड पाडायच्या आदल्या दिवशीची दुपार. मी बाजेवर बसून सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवत होते. एका उदाहरणात एक लांबी मीटरमध्ये होती आणि दुसरी सेंटिमीटरमध्ये, आणि मी घाईत दोन्ही तशाच घेतल्या होत्या. उत्तर वेडंवाकडं आलं. एकक समान करून घ्यायचं राहिलं, असं म्हणत मी खोडायला लागले आणि खोडता खोडता माझा हात थांबला. कंपासपेटीतली सहा इंची पट्टी काढून मी माझं कोपर ते बोट मोजलं. सतरा इंच. काकू अंगानं बुटकी. बांगड्यावाली यायची तेव्हा आम्ही दोघी हात शेजारी धरायचो, तिचा माझ्याहून बोटभर आखूडच भरायचा. म्हणजे सोळा. मोठे बाबा जेवून पडवीत घोरत पडले होते, एक हात बाजेखाली लोंबत होता. त्यांना जागं न करता मी तोही मोजला. वीस इंच.

झाड मोठ्या बाबांच्या हातानं बत्तीस, म्हणजे सहाशे चाळीस इंच. भिंत काकूच्या हातानं छत्तीस, म्हणजे पाचशे शहात्तर. तीनदा गुणाकार केला. चौसष्ट इंच, पाच फुटांहून जास्त झाड, काकूच्या खोलीत.

मोठे बाबा उठल्या उठल्या मी त्यांना सांगितलं. त्यांनी जांभई दिली. ‘हात म्हंजे हात, पोरी. आमच्या बापानं हे घर हातानं मोजून बांधलं. पडलं काय?’

‘पन मोठे बाबा, तुमचा हात लांब हाय. काकूचा आखूड हाय.’

‘मंग? झाड माहं, ते म्या माया हातानं मोजलं. भित तिची, ते तिनं तिच्या हातानं मोजली. कोनाचं काय चुकलं?’

यावर काय बोलायचं, सांगा. मी आजही त्या वाक्याला उत्तर शोधते आहे. त्या वाक्यात कुठंच भोक सापडत नाही आणि ते वाक्य साफ चूक आहे. मी चहा घेऊन पुन्हा गेले. जमिनीवर दोन काड्या ठेवल्या, एक लांब आणि एक आखूड, आणि एकच अंतर दोन्ही काड्यांनी मोजून दाखवलं. आकडे बाजूला मातीत लिहिले. त्यांनी चहा पिता पिता सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, ‘अक्षर मात्र लय चांगलं हाय तुहं.’ तिसऱ्यांदा मी सांगितलं तेव्हा किसनभाऊ दोर घेऊन आला होता, वडीलही तिथंच होते. मोठे बाबा हसून किसनभाऊला म्हणाले, ‘पेपर जवळ आला म्हून पोरगी घाबरून राह्यली.’ किसनभाऊ हसला. वडीलही हसले. मोठ्या बाबांसमोर ते नेहमी तेवढंच करायचे.

माझं डोकंच फिरलं. मी आत गेले, कंपासपेटी अशी आदळली की कर्कटक उडून कोठीखाली गेला. म्हटलं, करा काय करायचं ते. झाड तुमचं, आढं तुमचं, हात तुमचे. माझा परवा पेपर आहे. इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि मोठमोठ्यानं पाठ करायला लागले, बाहेर सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. मधून मधून थांबले की पलीकडून काकूची मशीन ऐकू यायची. एक लांब शिवण, मग थांबणं, मग पुन्हा लांब शिवण. ती चालू होती आणि मी जागची उठले नाही. सकाळी सांगू असं मी मनाशी ठरवलं होतं, अशी समजूत नंतर मी पुष्कळदा करून पाहिली. तसं काही ठरवलं नव्हतं. सकाळीही मी तशीच फुगलेली होते.

सकाळी गाव जमा झालं. शेंड्याच्या थोडं खाली दोर बांधला होता, आठ-दहा जण तो धरून काकूच्या आंगणाच्या कडेला, बाजूला सरून उभे होते. किसनभाऊनं सांगितल्याप्रमाणं काकू बाहेर आली होती. मोठे बाबा समोर म्हणून तिचा पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि पदराखालून ती बुंध्याकडे बघत होती. कुऱ्हाड थांबली, मग आरा चालला, मग कोणीतरी ‘हाला, सरका’ ओरडलं. निलगिरी आधी नुसतीच शहारली. मग सगळी पानं एकदम एका बाजूला गेली आणि ती आडवी झाली, अगदी सरळ, किसनभाऊनं बोट दाखवलं होतं त्याच रेषेत. बुंधा मोकळ्या जागेत पडला, मधलं लाकूड मोकळ्या जागेत पडलं आणि शेंडा काकूच्या टिनांवर गेला. टिनं दबली. त्यांच्यावरचे दगड आत गेले. सर्दीच्या वाफेचा तो वास सगळ्या आवारात भरून राहिला आणि त्या वासात मातीची धूळ उडत होती.

काकू आत गेली आणि बाहेर आली. दगड मशीनवर पडला होता. बीड तुटलं की सांधत नाही, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. मोठे बाबा आंगणाच्या कडेपर्यंत धावत आले होते आणि कडेला येऊन थांबले होते, कारण पुढं पाय टाकता येत नव्हता. तिनं पदर तसाच धरला. तिला ओरडायचं असणार, शिव्या द्यायच्या असणार, दुसरी कोणीही बाई असती तर तिनं गाव डोक्यावर घेतलं असतं. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘त्याइले सांग, झाड उचला.’

मी मोठ्या बाबांकडे जाऊन सांगितलं. एवढी शिस्त मला तेव्हाही सुटली नाही.

पुढं काय झालं ते आठवलं की आजही माझ्या हातून भांडी आदळतात. चार दिवसांत भिंत लिंपली, टिनं घातली. मोठे बाबा माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांनी गावभर सांगितलं की बेबीचं गणित बरोबर होतं, दोर ओढणाऱ्यांनी जास्त ओढलं म्हणून झाड पुढं गेलं. झाड पुढं कसं जाईल, हे कोणी विचारलं नाही. किसनभाऊ म्हणाला वारा होता. वडील म्हणाले, झालं ते झालं. आणि लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, पोरगी हुशार आहे, तिचं काही चुकलं नाही. मला गणितात भरपूर मार्क मिळाले. लाकूड अखंड निघालं आणि गोठ्याला आढं झालं. इतक्या लोकांनी मला निर्दोष सोडलं की मला खरं बोलायला जागाच ठेवली नाही, आणि मीही ती फारशी शोधली नाही.

काकूनं त्या उन्हाळ्यात कोणाचे गणवेश शिवले नाहीत. ते कापड कामरगावच्या दुकानात गेलं. ती रोज लोकांच्या हरभऱ्याच्या सोंगणीला जायला लागली, आणि पुढच्या वर्षी तुरी निघाल्यावर काका पुण्याला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर ती पण गेली, घमेली उचलायला. गळ्यात टेप असलेली शांताकाकू मी पुन्हा पाहिली नाही.

मोठे बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. काका-काकू आता गावातच असतात. गेल्या रविवारी मी सईला घेऊन माहेरी गेले होते, ओला हरभरा भाजून खायला. दुपारी मी काकूकडे गेले. ती ओट्यावर बसून घाटे सोलत होती, मीही शेजारी बसून सोलायला लागले. सई फोन घेऊन आवारात हिंडत होती आणि दिसेल त्या गोष्टीची उंची मोजत होती. घराची, विजेच्या खांबाची, उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची. ‘काय करून राह्यली व ते पोरगी?’ काकूनं विचारलं. मी सांगितलं. काकू म्हणाली, ‘तुयावर गेली. तूही अशीच मोजे.’

ती कौतुकानं म्हणाली. मला ते सहन होईना.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘झाड पाडाच्या आदल्या दिवशीच मले समजलं होतं. मोठ्या बाबाचा हात लांब होता अन् तुहा आखूड. झाड तुया भितीले लागन हे मले माहीत होतं. मी त्यायले तीनदा सांगतलं, त्यायनं आयकलंच नाई.’

तिनं हातातला घाटा सोलून दाणे टोपलीत टाकले. ‘अन् मले?’

‘तुले नाई सांगतलं. मी लय चिडली होती.’

‘कोनावर?’

‘मोठ्या बाबावर.’

तिनं दुसरा घाटा घेतला नाही. आंगणाकडे बघत बसली. सई कुठल्याशा झाडासमोर उभी राहून मागं मागं सरकत होती.

‘त्याइच्यासंगं तं मले बोलताच येत नोतं,’ काकू म्हणाली. ‘मले जे समजे ते तुयाच तोंडून समजे. चिडली त्याइच्यावर, अन् बोलली नाई मायासंगं.’

तिनं टोपली माझ्यापासून काढून आपल्याकडे ओढली.

‘दोघी मिळून सरकवली असती मशीन, बेबी,’ ती म्हणाली. ‘घडीभराचं काम होतं.’